बोटीतली वीज

"आणि पाण्याचं काय?" शहाबाबांनी विचारलं.

कादंबरी तांडेलनं खाली गावातल्या विहिरीकडे पाहिलं.

तारकोंड बंदरात वीज नव्हती. मे महिन्यातल्या वादळानं खाडीकाठचे खांब आडवे केले होते, आणि श्रावण आला तरी ते उभे राहिले नव्हते. गावात जनरेटर एकच. त्यावर विहिरीचा पंप चाले. कादंबरीला तो नारळी पौर्णिमेच्या दिवशी हवा होता, गिटारच्या अँप्लिफायरसाठी.

"तासाभराचाच प्रश्न आहे, बाबा. मी मागितला तर गाव नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच तुला विचारलं."

शहाबाबा म्हणजे भूशिरावरच्या दर्ग्यातले फकीर. दाढी पांढरी, अंगात हिरवी कफनी, कोपऱ्यात एक जुना दुतारा. परकरात होती तेव्हा कादंबरीनं तिचा पहिला सूर याच दुताऱ्यावर लावला होता. मग ती मुंबईला गेली, गिटार शिकली, मोठमोठ्या मंचांवर वाजवू लागली. पोस्टरवर तिचं नाव मोठ्या अक्षरात छापलं जाई, आणि ते तिला आवडेही.

"तुम्हाला कळत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "आवाज थेट कासवखडकापर्यंत पोचायला हवा. माझा अँप तेवढा दमदार आहे. त्याला फक्त वीज पाहिजे."

"कोणाला ऐकवायचंय?"

"आबांना."

"हिराजी बहिरा झालाय?"

"नाही."

"मग?"

...

गोष्ट अशी होती. दर नारळी पौर्णिमेला पहिली बोट कादंबरीच्या वडिलांची, हिराजी तांडेलची निघे. तिच्यामागून सगळ्या होड्या. किनाऱ्यावर बँड वाजे, आणि होड्या खाडीच्या तोंडावरचा कासवखडक ओलांडेपर्यंत वाजत राही. मग दर्याला नारळ, आणि मासेमारी सुरू.

यंदा बँडवाले यायला तयार नव्हते, रस्ता वाहून गेला होता. पण खरी अडचण बँडची नव्हती.

वादळात हिराजीचा धाकटा भाऊ धाकू बोटी बांधायला म्हणून पाण्यात उतरला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून हिराजीनं बोटीला हात लावला नव्हता. तांडेल म्हणजे होड्यांचा म्होरक्या; त्याचीच बोट हलत नाही म्हटल्यावर कोणाचीच हलेना. घराघरात जाळी विणून तयार होती. माणसं सकाळी किनाऱ्यावर यायची, दर्याकडे बघायची आणि घरी जायची.

हे ऐकून कादंबरी मुंबईहून आली होती. तिचा अँप तिनं शेवटच्या टप्प्यात चौघांच्या डोक्यावरून आणवला होता. वर अँपचं हेड, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, खाली चार स्पीकरांचं कपाट, उंचीला तिच्या छातीपर्यंत. तिच्या मनात पक्कं होतं... असा सूर लावीन की आबा ओसरीवरून उठून उभे राहतील.

जनरेटरचा विषय तिनं सोडला. पण हट्ट सोडला नाही.

मोबाइल चार्ज करून देणाऱ्या दुकानातला इन्व्हर्टर तिनं मागून आणला. एका बोटीची बॅटरी आणली. सगळं चव्हाट्यावर मांडलं. बायकापोरं जमली. कादंबरीनं गळ्यात गिटार अडकवली, हेडचं बटण दाबलं.

इन्व्हर्टर एकदा किंचाळला. बंद पडला.

पुन्हा दाबलं. पुन्हा किंचाळला.

"लय भूक हाय तुझ्या पेटीला," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. सगळे हसले. हिराजी मात्र लांब ओसरीवर बसला होता. त्यानं एकदा मुलीकडे पाहिलं आणि मान वळवली.

कादंबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच भूशिर चढून गेली.

बाबा दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. ती खाली कट्ट्यावर, बरीच लांब, उभी राहिली.

"नाही जमत!" ती ओरडली. "एवढी वीज या गावात नाहीच!"

बाबांचे ओठ हलले.

"काय?"

पुन्हा हलले.

"बाबा, मोठ्यानं बोला ना! वारा किती आहे!"

बाबांनी मोठ्यानं बोलायचं काही मनावर घेतलं नाही. ती चरफडत चार पायऱ्या चढली. तरी ऐकू येईना. आणखी चढली. शेवटी त्यांच्या गुडघ्याशी येऊन बसली, कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"कादू," बाबा पुटपुटत होते. "कादू... कादू..."

"एवढंच? मग हाक मारायची ना जोरात!"

"कशाला? आलीस की."

ती वळून गावाकडे बघू लागली.

खाली किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या रांगेत पडल्या होत्या. त्यांत सगळ्यांत मोठी 'जलकन्या', तिच्या वडिलांची. गावात मोठं डिझेल इंजिन तेवढ्या एकाच बोटीला. त्याच्या पट्ट्यावर एक डायनामो होता आणि तो बॅटरी भरत राही, ही लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट कादंबरीला त्या पायरीवर पहिल्यांदा कळली.

ती ताडकन उठली. बाबांना सलाम करायचंही तिला सुचलं नाही.

...

चव्हाट्यामागे एक सहा आसनी रिक्षा वादळापासून निकामी पडली होती. तिचा मालक म्हणाला, "काय पाहिजे ते काढ." कादंबरीनं तिच्यातल्या टेपचा अँप्लिफायर काढला. हाताच्या पंजाएवढा डबा, पण बारा व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा. मुंबईत आपली यंत्रं ती आपणच दुरुस्त करी. डाख लावायची सळई निखाऱ्यावर तापवून तिनं तारा जोडल्या. गिटारचा आवाज आधी आपल्या पायाखालच्या, सुराला रंग देणाऱ्या पेडलमधून नेला, कारण त्या पेडलला छोटा चौकोनी सेल पुरत होता. तिथून तो रिक्षाच्या डब्यात नेला.

रिक्षाच्याच स्पीकरवर तिनं तार छेडली.

डब्यात माशी अडकावी तसा आवाज आला.

"हा माझा आवाज नाही," ती पुटपुटली. हात खाली पडले. एवढी वर्षं मुंबईत ज्या आवाजासाठी ती ओळखली जाई, तो हा नव्हे.

मग तिची नजर तिच्या चार स्पीकरांच्या मोठ्या कपाटाकडे गेली. हेड भुकेलं होतं. कपाटाला काहीच खायला लागत नव्हतं.

तिनं हेडची वायर काढली आणि रिक्षाच्या डब्याची लावली.

तार छेडली.

शेजारच्या अंगणात मासळीच्या टोपलीवर बसलेली मांजर उडाली. आवाज मुंबईएवढा मोठा नव्हता. पण गोल होता, भरलेला होता, आणि तो तिचा होता. कादंबरी एकटीच खदाखदा हसली.

एक गाणं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर सूर फाटायला लागला. पावसाळाभर पडून राहिलेल्या बॅटरीत जीव तो कितीसा उरणार. आवाज खरखरला, बारीक झाला, गेला.

तिला त्याचं वाईट वाटलं नाही. हे होणार, हे तिला ठाऊक होतं. ती उठली आणि थेट घरच्या ओसरीवर गेली.

"आबा, मला वीज हवी."

हिराजीनं वर पाहिलं नाही. "जनरेटर घे."

"तो पाण्याचा आहे."

"मग नाय वीज. मी कुठून आणू?"

"तुमच्या बोटीत आहे."

...

हिराजीनं आपले तळवे उलगडून पाहिले. दोराच्या जुन्या घट्ट्यांवर आता मऊ कातडी आली होती.

"इंजिन चालू असलं तरच," कादंबरी हलकेच म्हणाली. "आणि ते इंजिन तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही."

"धाकूचं ऐकायचं," हिराजी म्हणाला.

वादळानंतर त्यानं भावाचं नाव पहिल्यांदा घेतलं. आतल्या दारात कादंबरीची आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

हिराजी उठून आत गेला. पण पौर्णिमेच्या सकाळी लोक किनाऱ्यावर आले, तेव्हा 'जलकन्ये'वरच्या झावळ्या काढलेल्या होत्या, आणि तांडेल फडक्यानं तिची पुढची टोकदार नाळ पुसत होता.

भरती चढली. गावानं खांदा दिला, बोट पाण्यात घसरली. स्पीकरांचं कपाट वर चढवलं, मधल्या फळीला दोरानं आवळलं. कादंबरी चढायला लागली तशी कोणीतरी म्हणालं, "पहिल्या बोटीत बाईमाणूस?"

"वीज मागितलीय तिनं," हिराजी म्हणाला. "चढू दे."

त्यानं इंजिनाला हँडल लावलं. फिरवलं.

इंजिन खोकलं आणि थांबलं.

पुन्हा फिरवलं. किनाऱ्यावर कोणी श्वास घेईना. हिराजीच्या मानेच्या शिरा फुगल्या. तिसऱ्यांदा त्यानं हँडल मारताना भावाच्या नावाची आरोळी ठोकली, अशी की सुरूच्या बनातले बगळे उठले.

इंजिनानं काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं.

कादंबरीच्या पायाशी रिक्षाच्या डब्यावरचा तांबडा दिवा लागला. आधी मिणमिणता. मग लख्ख.

तिनं गावाची जुनी वल्हवणीची चाल धरली.

पहिला सूर पाण्यावर पडला आणि पसरला. किनाऱ्यावरच्या बायकांनी तो झेलला, शब्द त्यांना पाठ होते. इंजिनाची धडधड खाली ठेका धरून होती. कादंबरीनं तो ठेका सोडला नाही, उलट त्यालाच धरून चाल दुडकी केली. मुंबईतल्या कुठल्याही ढोलक्यानं तिला असा ठेका दिला नव्हता.

'जलकन्या' निघाली.

आणि कादंबरीनं मागे वळून पाहिलं, तर एक होडी पाण्यात ढकलली जात होती. मग दुसरी. मग जणू सगळा किनाराच पाण्यात यायला निघाला. पताका लावायलाही कोणी थांबलं नव्हतं. ज्यांच्या होड्यांना इंजिन नव्हतं ते वल्ही मारत, गात, एकमेकांना शिव्या देत 'जलकन्ये'च्या मागे लागले. आवाज जिथवर जात होता तिथवर होड्या होत्या. सगळ्यात मागची होडी तो ऐकायला जीव तोडून वल्ही मारत होती.

खाडीच्या तोंडावर लाटा उठल्या. कपाट हिंदकळलं, कादंबरी गुडघ्यावर आली, पण तिची बोटं थांबली नाहीत. हिराजी सुकाणूवर ताठ उभा होता. खारं पाणी त्याच्या तोंडावर उडत होतं, आणि त्यातलं दर्याचं किती, हे विचारायचं कारण नव्हतं.

कासवखडक आला.

मागे गेला.

हिराजीनं सोनेरी कागद लावलेला नारळ दोन्ही हातांत धरला, कपाळाला टेकवला आणि दर्यात सोडला. मग तो मुलीकडे वळला.

"थांबलीस का गं?" तो ओरडला. "वाजव! अजून पुढे जायचंय!"

...

संध्याकाळी होड्या परतल्या. टोपल्या भरलेल्या होत्या. गावभर चुली पेटल्या होत्या, आणि हिराजीच्या अंगणात धाकूच्या आठवणी हसत हसत सांगितल्या जात होत्या.

कादंबरी भूशिर चढून दर्ग्याशी आली. केसांत मीठ, बोटांची टोकं सोललेली, चेहरा असा की दिव्याची गरज नव्हती. या वेळी तिनं कट्ट्यावरून ओरडून विचारलं नाही. पायऱ्या चढून बाबांच्या शेजारी बसली, त्यांचे हात हातात घेतले.

"बाबा, कसं वाजलं? शेवटपर्यंत ऐकू आलं ना इथे?"

बाबांनी दर्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "होड्या खडकाच्या पार गेल्या, ऐकू यायचं थांबलं... तेव्हा मी जेवायला बसलो."