मोळी, ढीग आणि कळप

एका राज्यात नाव ठेवण्याचा मान फक्त पिकल्या केसांना होता. मूल जन्मो, विहिरीला पाणी लागो, नवं गाव वसो, दरबारातली वडीलधारी माणसं तिथे जात, जमिनीवर मांडी घालून बसत, जे असेल ते डोळे भरून बघत आणि मगच नाव उच्चारत. पुढे मांडी घालायचा त्यांना कंटाळा आला. पालखीतूनच नावं पडू लागली.

राजा अरिंजय एकदा पालखीतून टेकडीखालून चालला होता. वर काही तरुण पोरं आकाशाकडे बघत गवतात लोळत होती. त्यांत त्याची धाकटी लेक कनकीही होती. राजाने पडदा बोटभर सारला आणि म्हणाला, "कळप आहे नुसता."

पोरांना तारे ओळखायला शिकवणारा मांत्रिक तिथेच बसला होता. तो म्हणाला, "राजा, न बघता ठेवलेलं तुझं प्रत्येक नाव खरं होवो." एवढं बोलून तो धुक्यात विरला. टेकडीवर मेंढरं उभी राहिली.

पालखी थांबली नव्हती, राजाने मागे पाहिलं नव्हतं. रानाच्या कडेला पक्षी बघणारे निश्चल बसले होते. राजा त्यांना मोळी म्हणाला. समुद्रकाठी शिंपले वेचणारे वाकले होते. त्यांना ढीग म्हणाला, आणि तिथे नुसते दगड उरले. तो नगरात परतला तेव्हा घराघरांतून रडणं ऐकू येत होतं. त्या दिवसापासून राजाने तोंडाला रेशमी पट्टी बांधली.

थोरली लेक चंद्रावळ रोज टेकडीवर जाऊ लागली. दिवस मावळला की ती मेंढरं चरायची थांबत. सगळी एकदम माना वर करत आणि पापणी न हलवता आकाशाकडे बघत राहत. त्यांच्यातली कनकी कोणती, ते चंद्रावळीला कळत नसे.

महिना उलटला आणि प्रधान भद्रायूने दरबारात फर्मान वाचलं. मोळी मुदपाकखान्यात जाळावी, ढीग तटाच्या कामी लावावा, कळपाची लोकर कातरावी. जे जसं आहे तसं वापरावं.

"प्रधानकाका," चंद्रावळ म्हणाली, "त्या कळपात माझी बहीण आहे."

"असेल, बाईसाहेब. कोणती, ते दाखवा."

तिला दाखवता येईना. राजाने मान खाली घातली. चंद्रावळ संतापून दरबारातून निघाली तेव्हा वेशीवरच्या झाडातून एक पिंगळा बोलला. "मोळी एकदा जळली की ती मोळीच. कळप एकदा कातरला की तो कळपच. त्याआधी त्यांना खरं नाव दे. तू राजाची लेक आहेस, शाप तुझ्याही जिभेत उतरला आहे. पण शापाने बांधलेलं न बघता ठेवलेल्या नावाने सुटत नाही. ते जे करतात ते आधी त्यांच्यात बसून कर."

ती रानात गेली. मोळीशेजारी बसली. पायाला मुंग्या आल्या, मानेवर डास बसला, ती हलली नाही. ऊन कलता कलता लांब पांढऱ्या शेपटीचा एक पक्षी समोरच्या फांदीवर उतरला, आणि शेजारच्या काटक्यांनी श्वास रोखलेला तिला ऐकू आला. ती कुजबुजली, "मोळी नव्हे. हा पक्षी बघणाऱ्यांचा शुकशुकाट आहे."

काटक्यांना डोळे फुटले. माणसं उभी राहिली, आणि त्यांतली एक म्हातारी तिच्यावरच डाफरली, "हळू बोल गं. उडाला ना तो."

ती समुद्रावर गेली. ढिगातल्या दगडांवर हात ठेवला तर ते कोमट होते. पाणी मागे हटलं तशी ती वाकून शिंपले वेचू लागली. एकापुढे दुसरा, दुसऱ्यापुढे तिसरा, असं करत ती इतकी आत गेली की किनारा पुसट झाला आणि परत फिरावंसं वाटेना. तेव्हा तिला कळलं. ती ओरडून म्हणाली, "ढीग नव्हे. ही शिंपले वेचणाऱ्यांची ओहोटी आहे." किनाऱ्यावर दगड उठले आणि आपापल्या झोळ्या चाचपू लागले.

दुसऱ्या दिवशी मावळतीला ती टेकडीवर पोचली तेव्हा कातऱ्या घेतलेली माणसं वर चढत होती. पुढे प्रधान होता, मागे मुका राजा. चंद्रावळीने घाईघाईने म्हटलं, "ही तारे बघणाऱ्यांची नक्षत्रमाळ आहे." मेंढरं मेंढरंच राहिली. "हे तारांगण आहे." काही नाही. "ही आकाशगंगा आहे."

मागोमाग आलेला पिंगळा म्हणाला, "एकदाही वर पाहिलं नाहीस."

खरं होतं ते. आल्यापासून ती मेंढरांतच कनकीला धुंडाळत होती. बापासारखीच न बघता नावं फेकत होती.

कातरी पहिल्या मेंढराच्या मानेला लागली. चंद्रावळ राजासमोर उभी राहिली. "आबासाहेब, त्या दिवशी पालखीतून उतरला नाहीत. आज तरी खाली बसा."

राजाने हात वर केला. कातरी थांबली. मग राज्याचा धनी, गुडघे धरत, कण्हत, मेंढरांमध्ये गवतावर आडवा झाला. चंद्रावळ त्याच्या शेजारी पडली. वर काहीच नव्हतं. प्रधान खाकरला, तरी दोघं उठली नाहीत. मग एक तारा दिसला. तो दाखवायला राजाने बोट उचललं, तेवढ्यात दुसरा दिसला, तिसरा दिसला, मग बोट पुरेना. ओल्या नाकांचे श्वास त्याच्या कानाशी येत होते. सगळ्यांची तोंडं त्याच दिशेला होती.

राजाने पट्टी सोडली.

"कळप नव्हे," तो म्हणाला. त्याचा आवाज गंजला होता. "माझी मान अवघडली, तरी नजर खाली येईना. ही तारे बघणाऱ्यांची मानमोड आहे."

त्याच्या हाताखालची लोकर मऊ झाली, केस झाली. कनकी उठून बसली आणि मान चोळू लागली. "आबा, तुम्ही उशीर केलात," ती म्हणाली. "मृग अजून वर यायचाय, थांबा."

त्या राज्यात लोक पुन्हा मांडी घालून नावं ठेवू लागले. केस पिकले नसले तरी चालतं. पुढे प्रधानाने एकदा विचारलं, आम्हा दरबाऱ्यांच्या घोळक्याला काय म्हणावं. चंद्रावळ म्हणाली, "अजून तुमच्यात बसले नाही, काका." तेव्हापासून ती दरबारात आली की म्हातारे आपले हात अजून हातच आहेत ना, ते चाचपून बघतात.

कनकीच्या कानामागे लोकरीची एक बट अजून उगवते. ती कोणी कातरत नाही. जसं त्यांना त्यांचं खरं नाव सापडलं, तसं ऐकणाऱ्यांनाही सापडो.