मंजुरीचा चौकोन

कवठ्याचे अण्णासाहेब कळंत्रे सगळ्याच विषयांतले जाणकार. ज्यातलं कळत नाही, त्यातले जरा जास्तच! वाचनालयाच्या शंभरीच्या पत्रिकेवर त्यांना क्यूआर कोड हवा होता. स्कॅन केला की जागेचा नकाशा उघडणार. छापखानेवाल्या यमुनाक्काला हुकूम सुटला : लाल कागदावर सोनेरी कोड, नखाएवढा, आणि भोवती चिकटून वेलबुट्टी.

"अण्णासाहेब, पांढऱ्यावर काळा छापू, जरा मोठा. कडेनं कोरी जागा सोडू. नाहीतर फोनला वाचता येणार नाही."

"मला शिकवतेस? नाही वाचला, तर गावभर सांगेन, यमुनाक्काला छापता येत नाही!"

अक्काचं तीस वर्षांचं नाव एका चौकोनापायी जाणार! पण गिऱ्हाइकानं नमुना मंजूर केल्याशिवाय तिचं मशीन फिरत नसे. त्या रीतीनंच तिला वाट दाखवली.

दुसऱ्या दिवशी तिनं हुकमाबरहुकूम नमुना पुढे ठेवला. अण्णासाहेबांनी सहीला पेन काढलं.

"पेन राहू द्या. नमुन्यावरच्या कोडात तुमच्या मंजुरीचं पान ठेवलंय. स्कॅन करा, 'मंजूर' दाबा, की मशीन सुरू."

अण्णासाहेबांनी फोन जवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला, ड्रायव्हरचाही फोन मागवला. कोड ढिम्म.

"अगं, हे उघडेना!"

"तुम्हाला खुर्चीत बसून मंजुरी सापडेना, मग पाहुण्यांना वाचनालय कसं सापडायचं?"

पत्रिका पांढरी निघाली. पाहुणे वेळेवर पोचले. भाषणात अण्णासाहेबांनी सांगितलं, पांढरा रंग त्यांनीच सुचवला होता. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या अक्कानं वाजवल्या.