दुसऱ्या प्रकरणापर्यंत

तत्त्वज्ञान विभागाला टाळं ठोकायचं, हे कुलगुरूंनी ठरवूनच टाकलं होतं. भर बैठकीत त्यांनी विभागप्रमुख बोडसबाईंचंच पुस्तक उंचावलं. “बाई, ‘तत्त्वज्ञानावाचून कुणाचं काही अडत नाही,’ हे तुम्हीच लिहिलंय. आता बोला!”

सगळे खो खो हसले. बाईंनी चष्मा पुसला.

“सर, आमच्यात आधी विरोधकाची बाजू त्यालाही जमणार नाही इतकी नीट मांडतात, मग ती खोडतात. पहिलं प्रकरण विरोधकाचं आहे. तुम्हाला ते एवढं पटलं, म्हणजे मला साधलं म्हणायचं! माझं उत्तर दुसऱ्या प्रकरणात आहे. तेवढं वाचा आणि खुशाल टाळं ठोका.”

“वाचतो की! वाचल्याशिवाय ठोकणार नाही,” कुलगुरू गुरगुरले.

पुढे ते निवृत्त झाले. विभाग अजून चालू आहे.