राईच्या दारातला कोपरा

एक होती मुंगी. नाव तिचं राई. राईच्या दाण्याएवढीच होती ती. राग मात्र हा एवढा मोठा!

राईचं घर मालूकाकूंच्या स्वयंपाकघरात. ओट्याखाली, फरशीच्या फटीत. आत राईची पिल्लं. एक, दोन, तीन.

मालूकाकूंकडे आधी खोक्यातलं दूध यायचं. रोज दोन खोकी. कचऱ्याचा डबा भरला. झाकण लागेना. काकू म्हणाल्या, "बास झाली खोकी! आता पिशवीतलं दूध. कचरा कसा चिमूटभर!"

शहाण्या हो काकू. पण पुढे काय केलं?

सकाळी पहिली पिशवी आली. काकूंनी कात्री घेतली. कच्च! कोपरा कापला. कोपरा उडाला. भिर्र! ओट्याखाली पडला. टिप्! पडला तो नेमका राईच्या दारात. दूध वाळलं. कोपरा चिकटून बसला. दार बंद!

राई गेली होती साखर आणायला. दुपारी आली. तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर काय, दारच नाही!

आतून पिल्लं ओरडली, "आई, आई, भूक लागली!"

राईने कोपरा ढकलला. हलेना. ओढला. हलेना. राई रागाने लाल झाली.

"माझ्या दारात कचरा? मला न विचारता?"

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली केरसुणीकडे.

"केरसुणीबाई, केरसुणीबाई, कोपरा लोट.
माझ्या दारात कोपरा,
माझी पिल्लं आत!
हा काय न्याय झाला?"

केरसुणी म्हणाली, "मी नाही लोटत जा! नानांनी धरलं तर लोटीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली नानांकडे. काकूंचे यजमान नाना खुर्चीत बसले होते. ऐसपैस.

"नाना, नाना, खुर्ची सोडा.
केरसुणी कोपरा लोटेना,
माझ्या दारात कोपरा,
माझी पिल्लं आत!
हा काय न्याय झाला?"

नाना म्हणाले, "मी नाही उठत जा! दुपारचा चहा प्यायल्याशिवाय मी कधी उठलोय का?"

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली पातेल्याकडे.

"पातेलेदादा, पातेलेदादा, चहा कर.
नाना खुर्ची सोडेनात,
केरसुणी कोपरा लोटेना,
माझ्या दारात कोपरा,
माझी पिल्लं आत!
हा काय न्याय झाला?"

पातेलं म्हणालं, "मी नाही करत जा! पिशवीने दूध दिलं तर करीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली दुधाच्या पिशवीकडे. पहिली सकाळीच संपली, ही दुसरी पिशवी. फुगलेली, गारगार.

"पिशवीताई, पिशवीताई, दूध दे.
पातेलं चहा करेना,
नाना खुर्ची सोडेनात,
केरसुणी कोपरा लोटेना,
माझ्या दारात कोपरा,
माझी पिल्लं आत!
हा काय न्याय झाला?"

पिशवी म्हणाली, "मी नाही देत जा! माझं तोंड बंद. कात्रीने कापलं तर देईन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली कात्रीकडे.

"कात्रीबाई, कात्रीबाई, पिशवी काप.
पिशवी दूध देईना,
पातेलं चहा करेना,
नाना खुर्ची सोडेनात,
केरसुणी कोपरा लोटेना,
माझ्या दारात कोपरा,
माझी पिल्लं आत!
हा काय न्याय झाला?"

कात्री म्हणाली, "मी नाही कापत जा! काकूंनी धरलं तर कापीन. कच्च! कोपरा उडवीन. भिर्र!"

"पुन्हा उडवशील? पुन्हा?" राईच्या मिशा थरथरल्या.

राई निघाली. आता हळू नाही हं! तुरुतुरुतुरुतुरु! गेली काकूंकडे.

"काकू, काकू, कात्री धरा.
कात्री पिशवी कापेना,
पिशवी दूध देईना,
पातेलं चहा करेना,
नाना खुर्ची सोडेनात,
केरसुणी कोपरा लोटेना,
माझ्या दारात कोपरा,
माझी पिल्लं आत!
हा काय न्याय झाला?"

काकू हसल्या. "अगं, एवढासा तर कोपरा! त्याचं काय एवढं? माझी कंबर धरलीय. मी नाही उठत जा!"

एवढासा? आता सांगा! दुसऱ्याच्या दारात टाकायचं आणि वर म्हणायचं एवढासा!

राई पायावर चढली. पदरावर चढली. काकूंच्या बोटावर आली. आणि चावली. कडकडून!

"आई गं!" काकू किंचाळल्या.

राई म्हणाली, "एवढीशी मी चावले, तर केवढं लागलं? एवढासा कोपरा, त्याने माझं आख्खं दार गेलं!"

काकूंनी बोट चोळलं. आतून बारीक आवाज आला, "आई, आई, भूक लागली!"

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "चुकलंच माझं." आणि उठल्या.

काकूंनी कात्री धरली. कात्रीने पिशवी कापली. कच्...

"थांब!" राई ओरडली. "तेवढंच पुरे!"

कात्री थांबली. कोपरा पिशवीलाच लटकून राहिला. उडाला नाही, पडला नाही.

पिशवीने दूध दिलं. बुडूबुडू.
पातेल्याने चहा केला. खळखळ.
नाना चहा प्यायले. फुर्र फुर्र. आणि खुर्ची सोडली!
नानांनी केरसुणी धरली.
केरसुणीने कोपरा लोटला. खस्स! हलेना. खस्स खस्स! सुटला!

दार उघडलं. पिल्लं बाहेर आली. एक, दोन, तीन. राईने तिघांना साखर भरवली. मग कुठे तिचा राग उतरला. थोडासाच हं!

काकूंनी पिशवी धुतली. दारातला कोपरा तिच्या पोटात घातला. पिशवी दोरीवर वाळत घातली. भंगारवाल्याला द्यायला.

आता रोज सकाळी पिशवी येते. काकू कात्री घेतात. राई येऊन बसते ओट्यावर. मिशा वर करून.

कच्...

"थांबले गं बाई, थांबले!" काकू म्हणतात.

राईचं दार उघडं. पिल्लं आत, पिल्लं बाहेर. तुरुतुरु तुरुतुरु.