वेस्तीने बांधलेला झिरा

खिंडीच्या माथ्यावरचा हा झिरा. त्याच्या तोंडाशी रचलेल्या काळ्या दगडांना हात लावू नका. आमच्या बारा पाड्यांचा कारभार आमच्या हातात आला, तो इथून.

असं सांगतात, की तेव्हा डोंगराच्या अलीकडे एक राजा होता, पलीकडे दुसरा. दोघेही आम्हा भिलांना आपली रयत म्हणत. एकाचे शिपाई माणसं वेठीला नेत, दुसऱ्याचे बकऱ्या. एका चैत्रात दोघे एक झाले. खिंडीत हद्दीचा दगड रोवायचा, सहा पाडे तुला, सहा मला. दोघे फौजा घेऊन खिंडीत उतरले, आणि हद्द दाखवायला त्यांनी आमच्या रुमशा नाईकाला दोरीने बांधून नेलं.

रुमशाची बायको वेस्ती. तिचं माहेर हद्दीच्या एका अंगाला जाणार होतं, सासर दुसऱ्या. तिने बाराही पाड्यांचे तिरंदाज कड्यावर बसवले, धोंडे लोटून खिंडीची दोन्ही तोंडं बुजवली आणि हा झिरा बांधून पाणी मागच्या दरीत वळवलं. खाली दोन्ही राजे फौजांसकट कोंडले गेले.

दुसऱ्या दिवशी एका कारभाऱ्याने रुमशाच्या मानेवर तलवार ठेवली.

"पाणी सोड, नाहीतर याचं मुंडकं उडवतो!"

रुमशाचे ओठ फुटले होते. तरी त्याने वर पाहून हाक दिली, "वेस्ते, थेंब देऊ नको!"

तिने दिला नाही. तलवार चालली. तिने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणे, आणि आणखी एक दगड उचलून बांधावर ठेवला.

तिसऱ्या दुपारी राजांनी पागोटी उतरवली. बारा पाडे कुणाचेच नाहीत. न्याय त्यांचे पंच करतील, वेठ नाही, शिपाई नाही. तसं तांब्याच्या पत्र्यावर कोरून येईपर्यंत तिने दोघांचे कारभारी अडकवून ठेवले. रुमशाला मारणारा त्यांतच होता. पत्रा आला, तेव्हा त्याला सोडताना तिने स्वतः त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पिऊन तो सावलीला टेकायला गेला.

"उभाच राहा," वेस्ती म्हणाली. "तहानेल्याला आम्ही पाणी देतो. बसू दिलं की तुम्ही उठत नाही."

आजही खालून कुणी साहेब कागद घेऊन आला, की त्याला तांब्याभर पाणी मिळतं, खाट मिळत नाही. गेल्या उन्हाळ्यात एकाने विचारलं, "बसू का जरा?" पाड्यातल्या एकीने त्याचा तांब्या पुन्हा भरून दिला. तासाभराने तो उभ्या-उभ्याच परत गेला.

घ्या, पाणी घ्या. उतरायला अजून उजेड आहे.