हाकाऱ्याने दाखवलेले रान

फार पूर्वी, रानेसुद्धा राजाच्या मालकीची असत त्या काळातली ही गोष्ट. एका रानाच्या कारभाऱ्याच्या घरी तो दिवस रोजच्यासारखाच उजाडला होता. बायको अंगणात कुळीथ पाखडत होती. कारभारी ओट्यावर बसून कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होता. तेवढ्यात राजाचा जासूद आला आणि घोड्यावरूनच म्हणाला, "परवा पारखी येतोय. रान सुधारलं की नाही, ते बघायला. नसेल सुधारलं, तर महाराज ते तोडून तिथे ऊस लावणार."

जासूद निघून गेला. दांडा अर्धवटच राहिला.

रान सुधारले होते, यात खोटे काही नव्हते. पूर्वी तिथे शिकारी होत, गुरे मोकाट चरत आणि घाणेरीच्या जाळीखाली गवताची काडी उगवत नसे. कारभाऱ्याने राजाकडे रदबदली करून शिकार बंद करवली. गुरे थांबवली, घाणेरी मुळासकट उपटली, ओढ्याला बांध घातले. वर्षांमागून वर्षे गेली, तेव्हा कुठे गवत खांद्याला लागले. मग चितळे आली, सांबरे आली.

पण गवत वाढले की त्यातले जनावर दिसत नाही.

पारखी आला. सबंध दिवस रानात फिरला. परतल्यावर घाम पुसत म्हणाला, "कारभारी, खूर उमटलेत, लेंड्या पडल्यात, सगळं मान्य. पण महाराज विचारतील, डोळ्यांनी काय पाहिलंस? त्यांना काय लेंड्यांचं वर्णन सांगू?"

"चार दिवस राहा. पाणवठ्यापाशी गुपचूप बसू या."

"मी उद्या दुपारी निघणार. तोवर काय दाखवायचं ते दाखवा."

कारभाऱ्याला डोळ्यांपुढे ऊस दिसू लागला. संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "उद्या हाकारा घालतो."

तुमच्यापैकी कुणी हाकारा पाहिला नसेल, आणि ते बरेच आहे. ही शिकारीची जुनी रीत. माणसांनी रांग धरायची आणि ढोल, थाळ्या बडवत जनावरांना मचाणापुढे रेटत न्यायचे.

बायको म्हणाली, "अहो, पिल्लांचे दिवस आहेत. आणि त्यांच्या मनातला तो ढोल जायला किती वर्षं लागली, ते तुम्हीच सांगता ना?"

"अगं, एकदाच. बाण कुणी मारणार नाही."

"ते त्यांना कोण सांगणार?"

तो उठून गावातली माणसे हाकाऱ्याला बोलवायला गेला.

सकाळी ढोल वाजला. रानातल्या तरुण जनावरांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. ती कान टवकारून उभी राहिली. एका म्हाताऱ्या चितळीला मात्र तो ओळखीचा होता. तिच्या आईला तिने त्याच आवाजात शेवटचे पाहिले होते. तिने आपल्या पाडसाला नाकाने ढकलून गवतात बसवले.

"आई, काय आहे गं ते?"

"बोलू नकोस. हलूही नकोस."

"आणि तू?"

"मी पळते. म्हणजे ते माझ्याकडे बघतील."

ढोल जवळ आले. गावकऱ्यांची रांग हसतखिदळत पुढे सरकत होती. एक जण म्हणाला, "अरे, केवढी आहेत ही! आपण म्हणत होतो, कारभारी नुसतं गवत राखतोय."

पारखी बसला होता त्या मचाणाखालून कळपामागून कळप गेले. त्यांच्या तोंडांना फेस होता, डोळे पांढरे झाले होते. पारख्याच्या बोटांची पेरे मोजायला पुरेनात. तो टाळ्या पिटत ओरडला, "शाबास, कारभारी! वाचलं तुमचं रान!"

कळप रानाच्या हद्दीवरच्या नदीत उतरले आणि पलीकडच्या उघड्या माळावर दिसेनासे झाले. तो मुलूख दुसऱ्या राजाचा होता. तिथे शिकारीला बंदी नव्हती.

राजा खूश झाला. रान तोडले नाही, कारभाऱ्याला शेला मिळाला. पण नदीकाठच्या पाणवठ्यावरचा चिखल सपाट राहिला. त्यावर एकही खूर उमटेना. कधी एखादी चितळी पलीकडच्या काठावर येई. पाण्यात पाय घाली, या काठाकडे पाही आणि पाय मागे घेई. वाऱ्याने सागाची पाने वाजली, तरी ती उधळे.

हाकाऱ्याच्या संध्याकाळी बायकोने विचारले होते, "गवतात कुणी मागे राहिलंय का, बघून आलात?"

"उद्या जातो," तो म्हणाला होता.

ज्याला भिववून पुढे आणावे लागते, ते दाखवून झाल्यावर आपल्यापाशी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कारभारी गवताच्या कडेपर्यंत गेला. तिथे काय सापडेल, याची त्याला भीती वाटली. तो आत गेला नाही.