कालव्याने वाहिलेले रूळ

आगगाडीची शिटी अजून कुणी ऐकली नव्हती, तेव्हाची गोष्ट. खाणीच्या गावाहून गिरणीच्या गावाला कोळसा नेणारा एक कालवा होता. काठावरून दोरखंडाने नावा ओढणारं खेचर त्याच्या बढाया ऐकून विटलं होतं.

एके दिवशी नावेत कोळशाऐवजी लोखंडी रूळ आले. खेचराने विचारलं, "हे कशाला हो, कालवेराव?"

"तू मुकाट ओढ! एवढा जड माल माझ्याशिवाय नेणार कोण?" कालवा गुरकावला.

वर्षभरात तेच रूळ काठालगत टाकले गेले आणि सगळा कोळसा आगगाडीने पळवला. कालव्यात शेवाळ माजलं.

"मेलीचे रूळ मीच पाठीवरून आणले!" तो कण्हला.

दोरातून सुटलेलं खेचर गवत चघळत म्हणालं, "आता बेडकांना सांगा. फुगण्यात तेही कमी नाहीत."